सरंजाम आणि वहिवाट

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला हेग हे शहर आठवावे असे सहसा काही घडत नाही. येथे दिवस उगवतो तो यंत्रमागांच्या खडखडाटात आणि मावळतो तोही त्याच आवाजात. परंतु या मागांवर जो कृत्रिम धागा चढतो, त्याच्या उत्पादनाचे एक मोठे केंद्र सिल्व्हासा आहे, आणि तेथून आलेली धाग्याची खोकी गोदामात उतरताना पाहिली की आम्हांला हटकून एक निकालपत्र आठवते. १२ एप्रिल १९६० रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगाल विरुद्ध भारत या दाव्याचा निकाल दिला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे जाताना भारताची जी भूमी ओलांडावी लागते, तिच्यावरून कोणी जावे आणि काय न्यावे, हा त्या दाव्याचा विषय होता. त्या निकालात ज्या गोष्टींना वाट मोकळी असल्याचे म्हटले आहे, त्यांत ‘सर्वसाधारण माल’ ही एक आहे. आमच्या गल्लीत उतरणारी खोकी त्याच वर्गात मोडली असती.

राष्ट्राराष्ट्रांतील कलह मिटविण्यात आंतरराष्ट्रीय संस्थांचा वाटा किती, या प्रश्नावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा काश्मीरपासून सुरू होते आणि काश्मीरपाशीच थकते. आमच्या स्वतःच्या दाराशी, जुन्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेला लागून घडलेले हे प्रकरण मात्र वकिलांच्या पाठ्यपुस्तकांपलीकडे फारसे गेले नाही. वास्तविक ते वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे आहे, कारण जगातल्या सर्वोच्च न्यायासनाला त्यात एका मराठी शब्दाचा अर्थ लावावा लागला.

खेड्यात वाढलेल्या कोणालाही या दाव्याचे स्वरूप समजावून सांगावे लागणार नाही. एकाचे शेत दुसऱ्याच्या शेताच्या पोटात असते. बांधावरून जाण्याची वाट असते. एके दिवशी बाहेरचा शेतकरी त्या वाटेवर काटेरी झाप लावतो आणि आतला शेतकरी तहसील कचेरीत धावतो. अशा तंट्यांसाठी १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, आणि तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो वहिवाटीचा. वाट किती वर्षांची? कोण चालत आले? बैलगाडी जात होती की नुसता माणूस? हेगमध्ये पंधरा न्यायाधीश बसले होते आणि दोन्ही बाजूंना युरोपातले नामांकित कायदेपंडित उभे होते. तरी विचारले गेले ते हेच.

आता आतले शेत पोर्तुगालच्या हाती आले कसे, ते पाहावे लागेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता दमणपुरती उरली. पुढे चाळीस वर्षांनी चित्र पालटले होते. पुणे दरबार इंग्रजांशी युद्धात गुंतला होता. सवाई माधवराव लहान होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. इंग्रजांना कोकणपट्टीत एकटे पाडावयाचे तर गोव्याच्या पोर्तुगीजांना दुखवून चालणार नव्हते. (ही भीती पोकळ नव्हती, १७८० च्या डिसेंबरात वसई इंग्रजांनी घेतलीच.) अशा काळात, १७७९ मध्ये, पुण्याचा तह झाला. त्याच्या सतराव्या कलमान्वये पोर्तुगीजांना दमणजवळच्या मुलखातून १२,००० रुपये उत्पन्नाची गावे द्यावयाची ठरली. प्रत्यक्ष गावे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नेमून दिली गेली. दादरा आणि नगर हवेली म्हणून जो प्रदेश पुढे ओळखला गेला तो हाच.

मग १८१८ साली पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि त्या गावांचे काय करावयाचे हा प्रश्न कोणी उकरून काढला नाही. दमणहून अधिकारी येत राहिले, वसूल जात राहिला. १९४७ साली इंग्रज गेले तरी पोर्तुगीज राहिले. १९५१ मध्ये सालाझारच्या सरकारने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. नाव बदलले की वस्तू बदलते, अशी समजूत राज्यकर्त्यांत फार जुनी आहे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टचा इतिहास महाराष्ट्रात पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. २२ जुलैच्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या लोकांनी दादरा घेतले. त्या चकमकीत अनिसेतो दो रोझारियो हा पोलीस अधिकारी मारला गेला. जुलैअखेर नरोली गेले आणि २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल व त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक सिल्व्हासात शिरले. सुधीर फडके या मोहिमेत प्रत्यक्ष सामील होते. तिच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. बाबासाहेब पुरंदरेही त्या तुकड्यांत होते. मोडी कागदांत आयुष्य घालविणाऱ्या माणसाने सिल्व्हासात हत्यार घेऊन जावे, आणि त्याच गावांचे मोडी कागद पुढे हेगमध्ये पुरावा म्हणून वाचले जावेत, हा योगायोग आम्हांला विलक्षण वाटतो.

पोर्तुगालला कुमक धाडावयाची होती. वाट भारताची होती आणि भारताने ती अडविली. सैन्य तर नाहीच, परिस्थितीची पाहणी करण्यासाठी प्रतिनिधी पाठवू द्या, ही विनंतीही नाकारली गेली.

पोर्तुगालने यावर काय केले, ते कायद्याच्या डावपेचांत रस असणाऱ्यांनी नीट पाहण्यासारखे आहे. १४ डिसेंबर १९५५ रोजी तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे घोषणापत्र दिले. २२ डिसेंबरला दावा दाखल झाला. उंबरठा ओलांडल्यापासून आठ दिवसांत फिर्याद! ब्रिटिश अमदानीत १९४० साली दिलेल्या घोषणापत्राने भारत बांधलेला होता. नवे घोषणापत्र जानेवारी १९५६ मध्ये आले, तोवर उशीर झाला होता. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांतल्या चार फेटाळल्या गेल्या आणि दोन मुख्य सुनावणीला जोडल्या गेल्या. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड मांडीत होते. ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नाही त्याला त्या दाव्यापुरता एक नेमता येतो. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांना नेमले. १९६० चा निकाल लागला तेव्हा ते अमेरिकेत भारताचे राजदूत होते. एकाच वेळी राजदूत आणि न्यायाधीश! आज असे काही घडले तर वृत्तपत्रे काय म्हणतील, ही कल्पना वाचकांनीच करावी.

मूळ सुनावणीत पोर्तुगालचे म्हणणे सरळ होते. तह आणि सनदा यांनी आम्हांला या गावांचे सार्वभौमत्व मिळाले. सार्वभौमत्व म्हटले की तेथे जाण्याची वाट त्यात आलीच. भारताने दोन उत्तरे दिली. पहिले असे की १७७९ चा तह रीतसर झालाच नव्हता, त्यामुळे मराठ्यांवर तो बंधनकारक नव्हता. हा युक्तिवाद आम्हांला कधीच रुचला नाही. ज्यांच्या राज्याचा वारसा आपण सांगतो त्यांचा तह हा तहच नव्हे असे परक्या न्यायासनापुढे म्हणणे, वकिलीच्या दृष्टीने क्षम्य असेल, इतिहासाच्या दृष्टीने ते खरे नव्हते. न्यायालयानेही ते मानले नाही. मराठ्यांनी त्या तहाच्या बंधनाविषयी कधी शंका घेतली नव्हती, मग आता ती का घ्यावी, असा त्याचा आशय होता.

दुसरे उत्तर खरे महत्त्वाचे. भारत म्हणाला, दिले ते राज्य नव्हे, उत्पन्न. येथे मराठी भाषा न्यायालयात शिरली. तहाचे मराठी आणि पोर्तुगीज पाठ, त्यांचे इंग्रजी-फ्रेंच अनुवाद असे सारे समोर ठेवले गेले. तहाच्या भाषेतून सार्वभौमत्व देण्याचा हेतू निघत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सनदांतील शब्दयोजना तर त्याहून स्पष्ट होती: दिली गेली ती जहागीर, अर्थात सरंजाम.

एका पदव्युत्तर वर्गात आम्ही ‘सरंजाम’ शब्दाचा अर्थ विचारला होता. पहिले उत्तर ‘सरंजामशाही’ असे आले. दुसऱ्या विद्यार्थिनीने लग्नघरातला सरंजाम सांगितला. दोन्ही उत्तरे चूक नव्हती, आणि दोन्हींत अठराव्या शतकातला सरंजाम हरवला होता. शब्द फारसीतून आला. सिद्धता, साहित्य, सामग्री हा त्याचा मूळ अर्थ लग्नघराने जपला आहे. दरबारी व्यवहारात मात्र फौज बाळगण्यासाठी किंवा सेवेच्या मोबदल्यात जो महसूल तोडून दिला जाई, तो सरंजाम. वसूल सरदाराचा, मुलूख सरकारचा. आज दिला तसा उद्या काढूनही घेता येई. वतनाशी जशी पिढ्यान्‌पिढ्यांची नाळ असे, तशी सरंजामाशी नसे. विसाव्या शतकातील आपल्या समीक्षेने ‘सरंजामी’ हे विशेषण इतक्या सढळ हाताने वापरले की जमीनदारी, घराणेशाही, पुरुषी ताठा असे सारे त्या एका पोत्यात भरले गेले. ज्या मराठी समीक्षकाला हा भेद सांगता आला नसता, तो हेगच्या न्यायाधीशांनी ओळखला, हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

त्यांच्या वाचनाचा एक नमुना द्यावासा वाटतो. त्या गावांत बंड उद्भवल्यास ते मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांना दिलेला होता. पोर्तुगालने याकडे बोट दाखविले: बंड मोडण्याचा अधिकार राजाचाच असतो, म्हणजे आम्ही राजे. न्यायालयाने तेच वाक्य उलट्या बाजूने वाचले. सार्वभौम सत्ता दिली असती तर बंड मोडणे हे तिचे कर्तव्यच ठरले असते. मग तो अधिकार वेगळा लिहून देण्याची गरज काय होती? जे मुद्दाम लिहून द्यावे लागते ते मुळात दिलेले नसते. संहितेच्या वाचनाचा हा धडा आमच्या मते कोणत्याही समीक्षेच्या वर्गात चालावा. शिवाय न्यायालयाने हेही नोंदविले की अशा सरंजामाचा अर्थ सार्वभौमत्वाचे दान असा लावल्याचे एकही उदाहरण त्याच्यापुढे आले नव्हते.

येथवर वाचणाऱ्याला वाटेल की दावा संपला. मराठी कागद बोलला, पोर्तुगाल हरला. पण तसे झाले नाही.

न्यायालयाने पान उलटले आणि इंग्रजी अंमलाकडे वळले. मराठ्यांच्या जागी इंग्रज आले तेव्हा त्यांना त्या गावांत पोर्तुगीजांचा पूर्ण अंमल चाललेला दिसला. मराठ्यांचे वारस या नात्याने इंग्रजांनी त्यावर हक्क सांगितला नाही. प्रत्यक्ष वागण्यातून आणि न बोलून त्यांनी पोर्तुगीज सार्वभौमत्व मान्य केले. पुढे स्वतंत्र भारतानेही काही काळ तेच मौन पाळले. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत ऐकू येणारे वचन. त्याच्याच आधारावर एक मुलूख सरंजामातून सार्वभौमत्वात गेला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. निकालाचा पूर्वार्ध शब्दांचे वाचन आहे, उत्तरार्ध शांततेचे. आणि शांतता जिंकली.

वाटेचेही तसेच. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल या वाटेने जात-येत होता. दोनच राष्ट्रांत इतकी सतत चाललेली वहिवाट असेल तर तिच्यातून हक्क निर्माण होतो, असे न्यायालयाने सांगितले. यापूर्वी रूढी म्हटली की पुष्कळ राष्ट्रांची, असा समज होता; दोघांपुरतीही रूढी असू शकते हे या निकालाने पक्के केले आणि म्हणून जगभरच्या विधी महाविद्यालयांत तो आजही शिकविला जातो. सैन्याची, सशस्त्र पोलिसांची, शस्त्रांची गोष्ट वेगळी होती. त्यांना दर वेळी परवानगी लागे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात तसे कलमच होते. परवानगीने चालणाऱ्याची वहिवाट होत नाही, हे तर आमचा तलाठीही सांगेल.

निकाल असा लागला. माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता, भारताच्या नियंत्रणाखाली, पोर्तुगालचा वाटेचा हक्क १९५४ मध्ये होता: अकरा विरुद्ध चार मते. सैन्य व शस्त्रे यांच्यासाठी नव्हता: आठ विरुद्ध सात. आणि १९५४ मध्ये भारताने जी अडवणूक केली ती, त्या वेळचा तणाव पाहता, नियंत्रणाच्या अधिकारात बसत होती. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही: नऊ विरुद्ध सहा. हक्क होता, पण तो मोडला गेला नाही! दोन्ही राजधान्यांत समाधान व्यक्त व्हावे असाच हा निकाल होता.

याला कलह मिटविणे म्हणावे काय? आमचे मत असे की न्यायालयाची ही अरुंद दृष्टी हीच त्याची करामत होती. गावे आज कोणाची, ती कशी घेतली गेली, वसाहती असाव्यात की नसाव्यात, हे त्याला विचारलेलेच नव्हते, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह त्याने टाळला. दावा चालू होता तोवर, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, भारताने ती गावे औपचारिकरीत्या आपल्यात मिळविली नाहीत आणि पोर्तुगालने सैन्य उतरविले नाही. तेथे वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. या अवधीत जग बदलले. निकालानंतर आठच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा संमत केला, आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालचे ‘प्रांत’ स्वयंशासित नाहीत असे नावानिशी जाहीर केले. न्यायालयाने दिलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट कदाचित हा वेळच होती.

तथापि त्या अरुंदपणाची किंमतही होती, आणि ती पाहिली ती भिन्नमतवादी न्यायाधीशांनी. छागलांचे मत भारताच्या बाजूने पडले यात नवल नाही. परंतु अर्जेंटिनाचे मोरेनो किंताना यांनी लिहिले ते अधिक बोचरे आहे: निर्णायक पुरावा नसताना हा दावा उचलून धरणे म्हणजे वसाहतवादाला आयुष्य देणे, आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या विरुद्ध जाणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला हे दिसावे, हे समजण्यासारखे आहे.

आम्हांला मात्र आणखी एक उणीव जाणवते. शेकडो पानांच्या त्या कागदपत्रांत वारली, धोडिया, कोकणा ही माणसे कोठे आहेत? भिवंडीहून वाडा, विक्रमगड, जव्हार असे उत्तरेला गेले की जी माणसे भेटतात, तीच सीमेपलीकडे खानवेलला भेटतात. त्याच ठाणे जिल्ह्यात, अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. गोदावरी परुळेकरांच्या लेखनातून ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. निकालपत्रात ही माणसे ‘खाजगी व्यक्ती’ या दोन शब्दांत मावली. नाना फडणविसांच्या सनदेत तीही नव्हती. तेथे त्यांचा वसूल होता. मराठी कागदाचा अभिमान बाळगताना हे विसरता येत नाही.

पुढचे थोडक्यात. ११ ऑगस्ट १९६१ रोजी, दहाव्या घटनादुरुस्तीने, दादरा आणि नगर हवेली भारतात आली. त्याच डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले. युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणला; बाजूने सात मते, विरुद्ध चार, त्यांत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार. ठराव पडला. संयुक्त राष्ट्रांच्या अंताची ही सुरुवात ठरू शकते, असे अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन त्या वेळी म्हणाले. हेगमध्ये चार वर्षे एका सनदेचा अर्थ लावीत बसलेली संस्था आणि न्यूयॉर्कमध्ये एका रात्रीत हात वर करून मोकळी झालेली संस्था, या एकाच घरातल्या दोघी. पहिलीने कूर्मगतीने का होईना, कागद वाचला. दुसरीपुढे कागद आलाच नाही.

सालाझारनंतरची राजवट एप्रिल १९७४ मध्ये कोसळली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या करारात पोर्तुगालने या साऱ्या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ज्या ज्या तारखेला ते प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले, त्या त्या तारखेपासून. दादरा आणि नगर हवेलीच्या बाबतीत ती तारीख ११ ऑगस्ट १९६१ होते. २ ऑगस्ट १९५४ पासून त्या दिवसापर्यंतची सात वर्षे आणि नऊ दिवस भारताच्या नावावर चढलेले नाहीत. पोर्तुगालचा अंमल त्या काळात सिल्व्हासात नव्हता. दादरा ते सिल्व्हासा या वाटेने तेव्हा जी माणसे बाजाराला गेली, ती कोणत्या राष्ट्राची ‘खाजगी व्यक्ती’ होती, हा प्रश्न हेगला कोणी विचारला नाही.